तलावाची पाळ आणि बेगारीची बही
(आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस विषय दिला तो 'आपल्या कोहळी समाजाचे तलाववैभव' हा. या विषयावर याच व्यासपीठावरून आम्ही यापूर्वी तीन वेळा बोललो आहो, आणि तिन्ही वेळा आपण टाळ्याही दिल्या आहेत. चौथ्यांदा तेच बोलणे आमच्या जिवावर आले. म्हणून चिटणीसांची परवानगी घेऊन त्याच विषयाची दुसरी बाजू आज मांडावी असे योजिले आहे. ती ऐकून कोणी टाळ्या दिल्या नाहीत तरी आमची तक्रार राहणार नाही.

पहिली बाजू आपणां सर्वांस पाठ आहे. काशीयात्रेस गेलेल्या गोंडराजाने आपल्या पूर्वजांस तिकडून इकडे आणिले अशी आपल्यांत आख्यायिका आहे. जो जंगल तोडून तलाव बांधील त्यास जमीन द्यावयाची, हे चांद्याच्या गोंडराजांचे धोरण होते. त्या कामाशी जोडलेल्या 'तुकूम' या धारणपद्धतीचे नाव चंद्रपूर शहरातील एका वस्तीस आजही आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव आपल्या कोलू पाटलांच्या नावाने ओळखला जातो. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी या टापूत आणि तिकडे भंडारा-गोंदियाकडे सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी कागदांत आज त्यांस 'मामा तलाव' म्हणतात. पाणी कोठून येईल, पाळ कोठे घालावी, तुडूम कोठे बसवावे, सांडवा किती उंचीवर ठेवावा, हे कोणत्याही यंत्राशिवाय ओळखणारी दृष्टी आपल्या लोकांपाशी होती. तिचा अभिमान आम्हांसही आहे, आणि तो कमी व्हावा अशी आमची इच्छा नाही.

परंतु पाळ कोठे घालावी हे ओळखणारा एक असतो आणि ती घालणारे शंभर असतात. आम्ही बोलणार आहो ते या शंभरांविषयी.

ही गोष्ट आम्हांस सुचली ती मात्र आपल्या तलावावर नव्हे, सातासमुद्रापलीकडे. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात असतात. २०२३ सालच्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हां उभयतांस तिकडे नेले. आम्ही जन्मभर मास्तरकी केलेली. कोणतेही गाव दाखवा, आम्ही प्रथम शाळा पाहणार. सबब शार्लट्सव्हिल येथील व्हर्जिनिया विद्यापीठ पाहण्यास गेलो. हे विद्यापीठ १८१९ साली थॉमस जेफरसन यांनी स्थापिले. त्यांनीच अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला, आणि ते त्या देशाचे तिसरे राष्ट्राध्यक्ष. सर्व माणसे समान आहेत असे त्यांनी लिहिले, आणि आपल्या आयुष्यात सहाशेहून अधिक गुलाम बाळगिले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. तेथील मार्गदर्शक मुलीने दोन्ही एकाच आवाजात सांगितल्या, हे आम्हांस विशेष वाटले.

त्या विद्यापीठाच्या घुमटाच्या इमारतीपासून थोड्या अंतरावर हिरवळीवर एक स्मारक आहे. १८१७ साली बांधकाम सुरू झाले तेव्हापासून १८६५ साली गुलामगिरी संपेपर्यंत सुमारे ४,००० गुलाम माणसांनी त्या आवारात काम केले असा तेथील अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांनी जमीन सपाट केली, विटा पाडल्या, भिंती उभारिल्या. पुढे विद्यार्थ्यांचे स्वयंपाक केले, लाकडे फोडली, धुणी धुतली, आजाऱ्यांची सेवा केली. शिकण्याची मुभा मात्र त्यांस नव्हती. त्यांच्या स्मरणार्थ २०२० साली हे स्मारक पुरे झाले.

स्मारक म्हणजे पुतळा नव्हे. काळसर ग्रॅनाइटचे एक मोठे वर्तुळ आहे. व्यास ८० फूट, म्हणजे त्या घुमटाच्या व्यासाएवढाच. वर्तुळ एका ठिकाणी खुले आहे, तुटलेल्या बेडीसारखे. आत शिरले की भिंतीवर सुमारे ४,००० आडव्या खाचा कोरलेल्या दिसतात, एका माणसास एक खाच. ज्यांची नावे जुन्या कागदांत सापडली ती त्या खाचेवर कोरली आहेत. उभारणीच्या वेळी अशी ५७८ नावे मिळाली होती. आणखी ३११ माणसांचे नाव मिळाले नाही, पण धंदा किंवा नाते मिळाले. त्या जागी 'लोहार', 'आई', 'मुलगी' एवढेच कोरले आहे. बाकी सर्व खाचा कोऱ्या. पाऊस पडला म्हणजे पाणी त्या खाचांत साचते आणि तेथून ओघळते असे आम्हांस सांगण्यात आले. आम्ही गेलो त्या दिवशी लख्ख ऊन होते. आमच्या सौ. त्या भिंतीपाशी बराच वेळ उभ्या होत्या. एका कोऱ्या खाचेवर बोट ठेवून त्यांनी विचारिले, "ही कोण असंल हो?" आम्हांस उत्तर देता आले नाही.

बाहेरच्या खडबडीत अंगावर एका स्त्रीचे डोळे अशा रीतीने कोरले आहेत की, प्रकाश विशिष्ट कोनात असला तरच ते दिसतात. ते डोळे इझाबेला गिबन्स या बाईचे. ती तेथील एका प्राध्यापकाच्या घरी गुलाम स्वयंपाकीण होती. लपूनछपून अक्षरे शिकली, आणि गुलामगिरी संपल्यावर त्याच गावात मुक्त झालेल्यांच्या मुलांच्या शाळेत शिक्षिका झाली. स्मारकात पाण्याखाली कोरलेली कालावली १६१९ पासून सुरू होते ती तिच्या मृत्यूपाशी थांबते. एका मास्तरणीपाशी! आमच्या व्यवसायाचा असा मान आम्ही दुसरीकडे कोठे पाहिलेला नाही.

हे स्मारक सहजी झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. २००७ साली विद्यापीठाने फरसबंदीत एक लहानशी पाटी बसविली होती. तिच्यावरून लोक चालत जात. विद्यार्थ्यांस ते पुरेसे वाटले नाही. २०१० पासून त्यांनी मागणी लावून धरिली. पुढे चौकशीमंडळ नेमले गेले, त्या माणसांच्या वंशजांशी बैठका झाल्या, आणि मग दगड लागला. त्याच देशातील जॉर्जटाउन येथील पाद्री मंडळींच्या विद्यापीठाची गोष्ट अधिकच बोचणारी आहे. १८३८ साली कर्जफेडीसाठी तेथील धर्मगुरूंनी २७२ माणसे विकली. त्या विक्रीच्या यादीत पहिले नाव आयझॅक हॉकिन्स या माणसाचे होते. २०१७ साली विद्यापीठाने आपल्या एका इमारतीस त्याचे नाव दिले.

आपल्या इकडे अमेरिकेच्या गुलामांची आठवण नवी नव्हे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ तेथील गुलामांस मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जन अमेरिकन लोकांस अर्पण केला होता. आमच्या शाळेच्या कपाटात तो होता. आम्ही तो मुलांस वाचून दाखविला, अर्पणपत्रिकेवर टीपही लिहून दिली. परंतु त्याचा आपल्या वाड्याशी काही संबंध असेल, हे आमच्या लक्षात आले नाही.

आता त्या वाड्याकडे येतो.

आमचे आजोबा नागभीड आणि सिंदेवाही यांच्यामधील एका लहान गावचे मालगुजार होते. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला. वाड्याचे पुढे चार वाटे झाले, आणि आमच्या वाट्यास माजघर व एक लाकडी पेटी आली. अमेरिकेहून परतल्यावर ती पेटी आम्ही उघडली. तीत लाल कापडी बांधणीच्या लांबट बह्या होत्या. पैकी एक १९४१ सालची. तीत आजोबांच्या वळणदार अक्षरात पुढील नोंद आहे. जशी आहे तशी वाचतो:

"पाळ दुरुस्ती. गोंडवाडा १४, ढिवर ६, महारवाडा ९, बाया २१. दिवस ९. बेगार."

रुपये-आण्यांचे रकाने कोरे आहेत. त्याखाली "गूळ व तमाखू, रु. १ आणे ४" अशी एक ओळ आहे. त्या खाली आणखी एक आहे: "ढवळ्या आजारी, पवळ्यास एकट्यास जुंपू नये." म्हणजे ५० माणसे ९ दिवस राबली, त्यांचा आकडा आहे. बैल दोन, त्यांची नावे आहेत.

आजोबा दुष्ट नव्हते. गावच्या लेकीबाळींच्या लग्नास ते धान्य देत. देवीच्या साथीत वाड्याची ओसरी मोकळी करून दिल्याचे म्हातारे लोक आजही सांगतात. त्या काळी ज्या रीतीने हिशेब ठेवीत, त्या रीतीने त्यांनी ठेविला. पण ती ओळ वाचल्यावर आम्हांस व्हर्जिनियाच्या भिंतीवरील कोऱ्या खाचा आठवल्या, हे आपणांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाही तर आमच्यावर अन्याय केल्याचा आरोप येईल. तलावाखाली ज्याच्या बांध्या असतील त्याने पाळीच्या डागडुजीस हात लावावा, ही जुनी आणि न्याय्य वहिवाट होय. पाणी मिळते, म्हणून माती टाकावयाची. तीस आम्ही बेगार म्हणत नाही. पण या ५० माणसांपैकी कितीजणांच्या बांध्या त्या तलावाखाली होत्या, हे आम्ही गावातील वृद्धांस विचारिले. उत्तर मिळाले, फार तर तीन घरच्या. उरलेल्यांनी माती टाकली ती दुसऱ्याच्या धानासाठी.

बेगार म्हणजे काय, हे आता तरुणांस सांगावे लागते, आणि ही एका अर्थी समाधानाची गोष्ट आहे. प्रत्येक घराने मालगुजाराकडे वर्षातून ठरलेले दिवस फुकट जावयाचे. नांगरणीस एक, रोवणीस एक, कापणीस एक, घर शाकारावयास एक, असे. दिवस मोजण्यास थोडे वाटतात. पण रोवणीचे दिवस कोणते असतात? पाऊस पडून बांधीत चिखल झाला म्हणजे जे आठ-दहा दिवस मिळतात, तेच. पहिला मान मालगुजाराच्या बांधीचा. स्वतःच्या बांधीत पऱ्हे वाट पाहत उभे. पऱ्हे जून झाले की फुटवे कमी येतात, लोंब्या हलक्या पडतात, हे आपण सर्व धानकरी जाणतो. तेव्हा बेगारीचा दिवस एक असला तरी त्याची किंमत पुढे वर्षभर पोटात मोजावी लागे. त्यातून साहेबाचा दौरा आला म्हणजे गवत, जळण, कोंबड्या, सामानास डोकी आणि गाड्या, हे निराळेच. कोतवालाने हाक दिली की निघावयाचे. जंगलाच्या आतल्या भागात, आज ज्यास गडचिरोली जिल्हा म्हणतात तिकडे, वनग्रामे होती. तेथे जमीन कसू देत ती हाकेसरशी जंगलकामास हजर राहण्याच्या अटीवर.

ही पद्धत अमेरिकेतील गुलामगिरीएवढी क्रूर होती असे आम्ही म्हणत नाही. तेथे माणूस बाजारात उभा करून कायद्याने विकीत. इकडे तसे नव्हते. येथला माणूस रातोरात गाव सोडून जाऊ शके, आणि कित्येक गेलेही. पण भारताच्या घटनेच्या २३ व्या कलमात सक्तीच्या मजुरीस मनाई करताना इंग्रजी मसुद्यातसुद्धा आपला 'बेगार' हाच शब्द घालावा लागला, यावरून ही रीत किती मुरलेली होती हे ध्यानात यावे. वेठबिगारीच्या निर्मूलनाचा कायदा तर १९७६ सालचा, म्हणजे आमच्या मॅट्रिकनंतरचा. आमच्या लहानपणी कायद्याने बेगार नव्हती. तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी गोंडवाड्यातील एक म्हातारी वाड्याचे अंगण सारवावयास येई आणि मजुरी न घेता जाई. "मालकीणबाई, आमच्या सासूनं सारवलं, म्या बी सारवतो," असे ती म्हणे. आम्ही पाटी-दप्तर घेऊन त्या ओल्या अंगणाच्या कडेकडेने शाळेत जात असू. त्या शाळेची फी त्याच तलावाच्या धानातून भरलेली होती.

आता मंडळाच्या कामाविषयी.

तालुक्याच्या ठिकाणी कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी मंडळाचे वसतिगृह उभे राहत आहे. जागा आपल्याच एका दानशूर कुटुंबाने दिली. ती तलावाच्या पाण्यावर पिकलेली धानाची जमीन होती. प्रवेशद्वारी संगमरवरी पाटी बसावयाची आहे आणि ११,००० रुपयांवर देणगी देणाऱ्याचे नाव तीवर येणार आहे. आमच्या चिरंजीवांचेही येणार आहे, तेव्हा आम्हांस पाटीचा द्वेष नाही. आमची सूचना एवढीच की, तिच्यासमोर दुसरी एक शिळा असावी. आपल्या घरांतील बह्यांत बेगारीस आलेल्या माणसांचे जे आकडे सापडतील तितक्या खाचा तीवर असाव्यात, आणि शोधून जी नावे मिळतील ती खाचांवर कोरावीत.

ही सूचना कार्यकारिणीत मांडली तेव्हा तीन आक्षेप आले. एक वडीलधारे सदस्य म्हणाले, "गुरुजी, त्या काळी सगळेच असं करत होते." खरे आहे. ब्राह्मण, कुणबी, कोमटी, कोहळी, कोणत्याही जातीचा मालगुजार यास अपवाद नव्हता. पण इतरांच्या पेट्या उघडण्याचा अधिकार आम्हांस नाही. आपली आहे, ती उघडली.

दुसरा आक्षेप असा की, आपले सगळेच लोक मालगुजार नव्हते. हाही खरा, आणि आम्हांस तो महत्त्वाचा वाटतो. आपल्यातील बहुतेक घरे साधी रयत होती. त्यांच्या आज्या-पणज्यांनीही डोक्यावर टोपली वाहिली आणि काहींनी दुसऱ्या मालगुजाराकडे बेगारही केली. तेव्हा त्या शिळेवर आपलीही नावे येतील. ती येऊ द्यावीत, गोंड, ढिवर आणि महार यांच्या नावांशेजारी, कोणताही क्रम न लावता.

तिसरा आक्षेप पूर्वजांच्या बदनामीचा. त्यास उत्तर देताना आमचा आवाज चढला, याबद्दल त्या सदस्यांची आम्ही येथे क्षमा मागतो. आजोबांची बही आम्ही जपून ठेविली आहे, फाडली नाही, एवढेच त्या दिवशी शांतपणे म्हणावयास हवे होते.

आपल्या जिल्ह्यात हे अगदीच नवीन नाही. वरोड्याजवळ बाबा आमटे यांच्या आनंदवनात १९६४ साली कॉलेज निघाले. ज्यांच्या हातचे पाणी कोणी घेत नव्हते अशा कुष्ठमुक्तांच्या हातांनी तेथल्या इमारती उभ्या राहिल्या, आणि गावोगावची मुले तेथे शिकावयास गेली. आमचे दोन विद्यार्थी तेथूनच पदवीधर झाले. त्या भिंती कोणी बांधल्या हे तेथील प्रत्येक मुलास ठाऊक असते. उलट, चांद्याचा कोट कोणी बांधला असे विचारा, म्हणजे शाळकरी मुलगा खांडक्या बल्लाळशहाचे नाव सांगेल. महाकालीचे देऊळ म्हटले की राणी हिराई. चिरे वाहणाऱ्यांचे नाव आम्ही वर्गात कधी विचारिले नाही, कारण आम्हांसच ते ठाऊक नव्हते. ३५ वर्षे आम्ही इतिहास शिकविला.

२०११ पासून गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ आहे. त्याच्या वर्गांत आज जी मुले बसतात त्यांत आमच्या आजोबांच्या बहीतील त्या ५० माणसांची पणतवंडे असतील, आणि आमच्या घरचीही आहेत. असल्या बह्या वाचण्याचे काम त्यांनी मिळून करावे असे आम्हांस वाटते. मोडी अक्षर लावावयास लागले तर आम्ही येऊ. डोळ्यांचे ऑपरेशन नुकतेच चांगले झाले आहे.

आमच्या गावापुरते सांगावयाचे तर गेल्या वर्षभरात वृद्धांस विचारून त्या ५० पैकी २३ माणसांची नावे आम्हांस मिळाली. नऊ बाया आहेत. त्यांपैकी पाच जणींचे स्वतःचे नाव कोणास सांगता आले नाही. 'अमक्याची माय', 'तमक्याची सून' एवढेच मिळाले, आणि तसेच लिहून ठेविले. ती नावे आम्ही आज येथे वाचीत नाही, स्मरणिकेतही छापू देणार नाही. प्रथम त्यांच्या घरच्यांस विचारले पाहिजे. १४ घरी आम्ही जाऊन आलो. ११ घरांनी होकार दिला. एका घरी म्हणाले, आमच्या आज्याचं नाव तुमच्या दारात कशाला? त्यांचे नाव आम्ही यादीतून काढले. उरलेल्या दोन घरी दिवाळीनंतर पुन्हा यावयास सांगितले आहे. दुसऱ्या एका घरी त्या सारवणाऱ्या म्हातारीची नात भेटली, अंगणवाडीत सेविका आहे. तिने यादी हातात घेऊन आजीच्या नावातील एक अक्षर दुरुस्त करून दिले. इतकी वर्षे आम्ही ते नाव चुकीचे उच्चारीत होतो.

तेव्हा सभेस विनंती अशी की, ज्यांच्या घरी जुन्या बह्या, खतावण्या, लगानाच्या पावत्या असतील त्यांनी त्या रद्दीत न देता मंडळाच्या कार्यालयात आणून द्याव्यात. वाळवी लागलेली पानेही चालतील. आम्ही मंगळवारी आणि शनिवारी दुपारी तेथे बसतो. नक्कल करून घेऊन मूळ बही महिन्याच्या आत परत करू आणि तशी पावतीही देऊ.